जटा आणि जट

मराठींत एकाच संस्कृत शब्दाचीं दोन रूपें नांदत आहेत. एक ‘जटा’ आणि दुसरें ‘जट’. पहिला शब्द कानीं पडतांच शंकराच्या मस्तकावरील गंगा, ऋषींचे आश्रम, वल्कलें नेसलेला राम, असें कांहींतरी उदात्त चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. दुसरा शब्द शहरांतील सुशिक्षित घरांत क्वचितच उच्चारला जातो. तो ऐकूं येतो कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगांव या बाजूच्या खेड्यांत, तसाच मोठ्या शहरांतील गरीब वस्त्यांत. आणि तेथेंही बहुधा हलक्या आवाजांत. अमक्याच्या पोरीला जट आली, असें शेजारीण शेजारणीला सांगते आणि दोघीही गप्प होतात.

वस्तु मात्र एकच आहे. केसांत केस गुंतून त्यांची झालेली दोरी. ती तपस्व्याच्या डोक्यावर असली कीं आपण तिच्यापुढें हात जोडतों, आणि गरिबाघरच्या मुलीच्या डोक्यांत दिसली कीं तिच्या आयुष्याचा निकाल लागला असें समजतों. या एका वस्तूला असे दोन इतिहास कसे लाभले, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम ही दोरी वळते कशी तें पाहूं. केस हाताला गुळगुळीत लागतो. पण सूक्ष्मदर्शकाखालीं त्याच्या अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात. या खवल्यांचीं तोंडें शेंड्याकडे असतात. त्यामुळें केस एका बाजूनें सहज सरकतो आणि दुसऱ्या बाजूनें सरकतांना अडतो. लोंकर ओली करून चोळली कीं तिचा घट्ट नमदा तयार होतो, तो याच गुणामुळें. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लक्ष केस असतात आणि त्यांतले पन्नास ते शंभर रोज गळतात. सायंकाळीं दिवेलागणीपूर्वीं आई मुलीची वेणीफणी करते तेव्हां फणींत जें गुंतवळ येतें तें हेंच. फणी थांबली कीं हे गळलेले केस खालीं पडत नाहींत. मुळाशीं अजून घट्ट असलेल्या शेजारच्या केसांत अडकून राहतात आणि गुंत्याला आरंभ होतो.

पहिल्या कांहीं आठवड्यांत मानेवर आणि कानांमागें, म्हणजे जेथें उशीचें घर्षण अधिक तेथें, बोटांना बारीक गांठी लागूं लागतात. दोनचार महिन्यांत केसांचे आपोआप झुपके पडतात. कोणी बोटांनीं त्यांची वांटणी करून दिली तर बारीक बारीक दोऱ्या होतात. न दिली तर शेजारचे झुपके एकमेकांत शिरून त्यांचा एकच रुंद पट्टा होतो. त्यानंतरचे सहाआठ महिने सर्वांत अव्यवस्थित. प्रत्येक झुपका फुगतो, त्यांतून केस बाहेर डोकावतात, आणि पाहणाराला वाटतें कीं केस आंखूड झाले. ते आंखूड झालेले नसतात. आंतल्या आंत दुमडले गेलेले असतात. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास हा फुगवटा बसूं लागतो, दोरीला घट्टपणा आणि वजन येतें. मुळाशीं दरमहा सुमारें एक सेंटिमीटर नवा केस उगवतो, तोही त्याच पिळांत ओढला जातो. कुरळ्या केसांना ही क्रिया लवकर साधते, सरळ केसांना पुष्कळ अवकाश लागतो. राख, धूळ, हळदीची पूड, झाडाचा चीक यांनीं तिला हात दिला तर काम लवकर होतें.

येथें एक शंका सहज येईल. डोक्यावरील केसाचें आयुष्य साधारणतः दोन ते सहा वर्षांचें. मग एखाद्या साधूची जटा पायांपर्यंत पोंचते ती कशी? तिचें उत्तर असें कीं, गळलेला केसही ही दोरी सोडून जात नाहीं. जुन्या जटेच्या खालच्या भागांतील पुष्कळसे केस कधींच मुळापासून सुटलेले असतात. वरच्या केसांनीं त्यांना नुसतें धरून ठेवलेलें असतें. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. जट कापली तर रक्त येतें, या समजुतीकडे आपल्याला पुढें वळावयाचें आहे.

आतां कधीं कधीं जट खरोखरच अचानक येते. बाळंतपण, लांबलेला ताप, मनाचा आजार अशा वेळीं आठवडेच्या आठवडे फणी लागत नाहीं. उवा आणि डोक्यावरील जखमांचा चिकट स्राव गुंत्यांत भर घालतात. केंव्हां केंव्हां एकाच न्हाण्यांत, एखाद्या तीव्र किंवा चिकट पदार्थानें डोकें चोळल्यामुळें, केसांचा गोळा होऊन बसतो. काल मोकळे असलेले केस आज दगडासारखे झालेले पाहून कोणीही दचकेल. त्या दचकण्यांत अडाणीपणा आहे असें मी म्हणणार नाहीं. पुढें जें घडतें त्याचा प्रश्न आहे.

आपल्या वाङ्मयांत लांब केसांचा विरक्त प्रथम भेटतो तो ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १३६ व्या सूक्तांत. तेथें त्याला ‘केशी’ म्हटलें आहे. पण जटेचें सर्वांत बारकाईचें वर्णन मला वाल्मीकिरामायणांत आढळतें. शृंगवेरपुराजवळ गंगा उतरण्यापूर्वीं राम गुहाकडून वडाचा चीक मागवितो, आणि त्या चिकानें स्वतःच्या व लक्ष्मणाच्या केसांच्या जटा वळतो. काल राज्याभिषेकासाठीं सजावयाचें डोकें आज वनवासी व्हावयाचें होतें आणि जटा आपोआप वाढावयास वर्ष दोन वर्षें लागतात, हें कवीला पुरतें ठाऊक होतें. चौदा वर्षांनीं अयोध्येस परत आल्यावर काय झालें तेंही याच काव्यांत आहे. शत्रुघ्नानें हलक्या हाताचे आणि चपळ असे न्हावी बोलाविले. आधीं भरत, लक्ष्मण यांचीं स्नानें झालीं. मग रामाच्या जटा सोडवून, त्याला न्हाऊं घालून, वस्त्रें आणि माळा घालण्यांत आल्या. व्रत संपलें, जटा गेली. कोणाचा कोप झाला नाहीं.

मनुस्मृतींतही असाच मोकळेपणा दिसतो. वानप्रस्थानें जटा धारण करावी असें तींत सांगितलें आहे; ब्रह्मचाऱ्यानें मात्र मुंडन करावें, जटा राखावी किंवा नुसती शेंडी राखावी, असे तीन पर्याय दिले आहेत. कौटिल्य तर याहून व्यवहारी. तापसाच्या वेषांतील हेर मुंडन केलेला किंवा जटाधारी असावा, त्यानें शिष्यांचा परिवार घेऊन नगराजवळ राहावें, महिन्यादोन महिन्यांनीं लोकांदेखत मूठभर भाजी किंवा जव खावेत आणि गुपचूप मात्र हवें तें जेवावें, असें त्याचें सांगणें आहे. त्या काळींही जटेवर भाबडा विश्वास ठेवणारे लोक होते आणि त्या विश्वासाचा हिशेब मांडणारे राजपुरुषही होते, असा याचा अर्थ.

बौद्ध ग्रंथांतील कथा याहून अधिक रंजक आहे. उरुवेल, नदी आणि गया अशीं नांवें असलेले तीन काश्यप बंधु नेरंजरा नदीच्या कांठीं राहत. ते अग्निपूजक असून त्यांना ‘जटिल’ म्हणत. त्यांचे अनुक्रमें पांचशें, तीनशें आणि दोनशें शिष्य होते. थोरल्यानें बुद्धाचा मार्ग पत्करला तेव्हां त्यानें व त्याच्या शिष्यांनीं आपले केस, जटा आणि अग्निहोत्राचें साहित्य नदींत सोडून दिलें. प्रवाहाच्या खालच्या बाजूस राहणाऱ्या भावाला पाण्यावरून जटा वाहत येतांना दिसल्या आणि थोरल्यावर कांहीं संकट तर आलें नाहीं ना, या काळजीनें तो धांवत गेला. ‘महावग्गां’त आणखी एक बारीक नोंद आहे. इतर पंथांतून येणाऱ्यांना संघांत घेण्यापूर्वीं चार महिने पारखून घेत; अग्निपूजक जटिलांना मात्र ही अट नव्हती, कारण ते कर्माचें फळ मानणारे होते. म्हणजे ज्यांनीं जटा टाकावयास लाविली त्यांनींच जटाधाऱ्यांना इतरांपेक्षां अधिक विश्वासानें जवळ केलें.

शिल्पकारांनीं या दोरीचा मुकुट केला. मुंबईच्या बंदरांतील घारापुरीच्या लेण्यांत, सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या शिवाच्या मस्तकावरील जटामुकुट ज्यांनीं पाहिला असेल त्यांना निराळें सांगावयास नको. दक्षिणेंत चोळांच्या काळीं ओतलेल्या नटराजाच्या मूर्तींत त्याच जटा नृत्याच्या वेगानें दोन्ही बाजूंस पसरलेल्या आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरास दर बारा वर्षांनीं सिंहस्थ भरतो, तेथें नागा साधूंच्या डोक्यावर त्या आजही दिसतात. दीक्षेच्या वेळीं त्यांचें मुंडन होतें आणि मग केस वाढूं देतात. जटा पत्करणें हा त्यांचा स्वतःचा निश्चय असतो. आपले संत मात्र या बाह्य वेषावर फारसे भाळले नाहींत. राख फांसून फिरणाऱ्या भोंदूंचा तुकोबांनीं घेतलेला समाचार प्रसिद्धच आहे.

मग स्त्रीच्या डोक्यावर जटा नव्हतीच काय? होती. ‘कुमारसंभवां’त पार्वती शंकरासाठीं तप आरंभते तेव्हां तिच्या केसांच्या जटा होतात, आणि तिचें मुख नटविलेल्या केसांनीं जसें शोभे तसेंच जटांनींही शोभलें, असें कालिदास आवर्जून सांगतो. तिनें ती स्वतः पत्करिली होती; आईनें नको म्हटलें असतांही पत्करिली होती. पण काव्यांत याहून अधिक वेळां भेटते ती विरहिणीची ‘एकवेणी’. पति दूर असतांना केस विंचरावयाचे नाहींत, एकच वेणी तशीच राहूं द्यावयाची. अशोकवनांतील सीतेची वेणी अशीच आहे. ‘मेघदूतां’तील यक्षपत्नीचीही अशीच आहे, आणि शापाचा अवधि संपल्यावर ती आपण स्वतः सोडणार असें यक्ष म्हणतो. येथें एक नाजुक फरक झाला आहे. केस तिचे, पण ते मोकळे करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातीं गेला. कवींना त्यांत करुणरस दिसला. मला त्यांत पुढच्या अनर्थाचें बीजही दिसतें.

तो अनर्थ सौंदत्तीच्या डोंगराकडे पाहिलें म्हणजे कळतो. बेळगांव जिल्ह्यांत तेथें यल्लम्माचें, म्हणजे रेणुकेचें, मोठें क्षेत्र आहे. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक येथील लक्षावधि भाविक तेथें जातात. बहुतेकांची भक्ति साधी आणि निरुपद्रवी असते. पण या भक्तीच्याच एका शाखेंत अशी समजूत रुजली कीं, मुलीच्या केसांत जट दिसली म्हणजे देवीनें तिला मागून घेतलें. त्या दिवसापासून फणी बंद. जटेला भंडारा लावावयाचा, मंगळवारीं-शुक्रवारीं तिची पूजा करावयाची. ती कापली तर घरांत कोणी दगावेल, कोणाचे डोळे जातील, कोणाला वेड लागेल. शिवाय कापतांना तींतून रक्त येईल! पुष्कळ मुलींना मग डोंगरावर नेऊन त्यांच्या गळ्यांत तांबड्या-पांढऱ्या मण्यांचें ‘दर्शन’ बांधण्यांत येई. तेथून पुढें तिचें लग्न नाहीं. हातांत परडी, दारोदार जोगवा, आणि कित्येकींच्या वांट्यास शहराच्या बाजारांत देहविक्रय. देवदासी होण्याचीं कारणें इतरही होतीं. मुलगा व्हावा म्हणून बोललेला नवस, घरचें दारिद्र्य, वाडवडिलांची चाल, हीं त्यांत आलींच. शिवाय जट आलेली प्रत्येक बाई देवदासी झाली असेंही नाहीं. कित्येकींनीं संसारांत राहून ती जन्मभर वाहिली. पण मुलगी देवीला सोडावयाची असें ज्या घराच्या मनांत घोळत होतें त्याला जट ही अनायासें मिळालेली साक्ष होई. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ या कादंबरीनें आणि २००९ मधील ‘जोगवा’ या चित्रपटानें हें दुःख शहरी वाचक-प्रेक्षकांच्या दाराशीं आणून ठेविलें.

आणि जट गरिबाघरींच कां येते, याचा विचार केला पाहिजे. फणीला वेळ लागतो, तेलाला पैसा लागतो, न्हावयाला पाणी लागतें. पहांटेपासून रात्रींपर्यंत शेतावर राबणाऱ्या आईला मुलीच्या डोक्यावरून रोज हात फिरविण्यास जी अर्धी घटका हवी ती मिळत नाहीं. देवीचें बोलावणें आपल्या माडीवर न येतां नेमकें तिच्याच झोपडींत येतें!

हें सर्व आपल्याच देशाचें खूळ, असें कोणास वाटेल तर त्यानें पोलंडकडे पाहावें. तेथें या गुंत्याला ‘कोल्टुन’ म्हणत. वैद्यांच्या लॅटिन भाषेंत त्याला पोलंडचीच जट असें नांव पडलें होतें. शरीरांतील दुष्ट रोग केसांवाटे बाहेर पडत आहे, तो कापला तर रोग आंत वळेल आणि माणूस आंधळा होईल, वेडा होईल किंवा मरेल, अशी तेथें शेतकऱ्यापासून सरदारापर्यंत समजूत होती. १५९९ सालीं या व्याधीविषयीं पोलंडहून इटलींतील पाडुआ विद्यापीठाच्या वैद्यांना पत्र लिहून सल्ला विचारण्यांत आला होता. शेजारच्या डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिश्चन यानें तर आपल्या डाव्या बाजूच्या अशा बटेला तांबडी फीत बांधून तिचा थाट केला, आणि दरबाऱ्यांनीं त्याचें अनुकरण केलें. ती बट कोपेनहेगनच्या रोसेनबोर्ग राजवाड्यांत जपून ठेविली आहे. सौंदत्ती आणि क्राको यांचा परस्परांशीं कसलाही संबंध नव्हता. तरी कापण्याचें भय मात्र शब्दाशब्दानें एकच. अंधत्व, वेड, मृत्यु.

पोलंडमधील हें भय मोडण्यांत ज्याचा मोठा हात होता तो क्राकोचा डॉक्टर युझेफ डिटल. हा विद्यापीठांत वैद्यकाचा अध्यापक होता आणि १८६६ ते १८७४ या काळांत त्या शहराचा नगराध्यक्षही झाला. १८५८ च्या सुमारास त्यानें या प्रश्नाचा पद्धतशीर शोध केला आणि हा मुळीं रोगच नव्हे, अस्वच्छता व दुर्लक्ष यांनीं झालेला केसांचा गुंता आहे, असें दाखवून दिलें. पुढें साबण, शाळा आणि दवाखाने यांनीं उरलेलें काम केलें. गंमत अशी कीं, पोलिश भाषेंत ‘कोल्टुन’ हा शब्द जिवंत राहिला आहे. पण आतां तो संकुचित मनाच्या, जुन्या समजुतींना चिकटून बसणाऱ्या माणसाला लावतात.

पण कात्री चालविणारा नेहमींच डिटलसारखा असतो असें नाहीं. जमेका बेटांत १९३० नंतर रास्ताफारी नांवाचा पंथ उदयास आला. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी याला ते देवतुल्य मानीत. बायबलच्या ‘गणना’ या ग्रंथांत नाजीर व्रत घेतलेल्यानें डोक्याला वस्तरा लावूं नये असें सांगितलें आहे. त्याच्या आधारानें पुढें त्यांच्यापैकीं अनेकांनीं जटा राखल्या. त्या बेटावर १८४५ पासून हिंदी मजूर करारानें नेले होते, आणि ‘गांजा’ हा आपला शब्दही त्यांच्याबरोबर गेला. साधूंच्या जटाही अशाच गेल्या असाव्यात असें कांहीं अभ्यासकांस वाटतें. दुसऱ्यांना तें मान्य नाहीं. गोऱ्या मालकांच्या डोळ्यांत नीटनेटकें दिसण्याचें नाकारणें हा या जटांचा हेतु होता. १९६३ च्या एप्रिलमध्यें कोरल गार्डन्स येथें दंगा होऊन माणसें मेलीं, तेव्हां पोलिसांनीं दंग्याशीं संबंध नसलेल्या रास्ताफारींनाही सरसकट पकडलें आणि कित्येकांच्या जटा जबरीनें कापल्या. या अत्याचाराबद्दल जमेकाच्या पंतप्रधानांनीं २०१७ सालीं संसदेंत क्षमा मागितली.

आपल्याकडे जट काढूं पाहणाऱ्यांना म्हणूनच दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गणनाथ ओबेयसेकेरे या सिंहली मानववंशशास्त्रज्ञानें १९८१ मध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रीलंकेंतील कतरगाम येथें स्कंदाची सेवा करणाऱ्या जटाधारी स्त्रिया हा त्याचा विषय. त्यांतल्या पुष्कळजणी घरांत पिचलेल्या होत्या. जट आल्यावर त्यांना देवाचा वरदहस्त लाभला. ज्यांचा शब्द कोणी ऐकत नव्हतें त्यांच्यापुढें लोक प्रश्न घेऊन बसूं लागले. आपल्याकडेही एखाद्या सासुरवाशिणीला जटेमुळें जो मान मिळतो तो दुसऱ्या कशानेंही मिळालेला नसतो. तिच्या हातून तो काढून घ्यावयाचा तर त्या जागीं काय देणार, हें सांगतां आलें पाहिजे.

कायद्यांनीं आपलें काम आपल्या परीनें केलें आहे. मुंबई प्रांतानें १९३४ सालीं देवदासींच्या संरक्षणाचा कायदा केला, कर्नाटकानें १९८२ मध्यें मुली सोडण्यास बंदी घातली, महाराष्ट्रानें २००५ मध्यें ही प्रथाच रद्द ठरविणारा कायदा केला. परंतु कायदा विधीला अडवितो. केसांतील गुंता त्याच्या कक्षेंत येत नाहीं. तें काम माणसांनीं घरोघर जाऊन करावयाचें असतें. डॉ. नरेंद्र दाभोळकर यांनीं १९८९ मध्यें स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीं, आणि त्यांत विशेषतः स्त्रियांनीं, तें अंगावर घेतलें. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत दाभोळकरांचा खून झाला. त्यानंतरही हें काम थांबलें नाहीं. शेंकडों स्त्रियांच्या जटा त्यांनीं सोडविल्या आहेत.

एका भेटींत हें काम होत नाहीं. बाईची संमति असली तरी नवरा, सासू, दीर यांचें भय शिल्लक असतें. पुढें घरांत कांहीं बरें-वाईट झालें तर जबाबदार कोण, हा प्रश्न येतोच, आणि घरांत बरें-वाईट तर कोणाच्याही होत असतें. वर्षानुवर्षांच्या वजनानें मान दुखत असते, एका कुशीवर निजतां येत नाहीं, पावसाळ्यांत भिजलेली जट दिवसच्या दिवस वाळत नाहीं, हें बाई आधीं बोलत नाहीं. विश्वास बसल्यावर बोलते. गुंता नवा असेल तर तेल घालून बोटांनीं सुटतोही. जुना असेल तर कात्री त्वचेपासून थोडी दूर धरून एकेक पदर कापीत जावें लागतें. घरचीं माणसें भोंवतीं बसून रक्त येतें कीं काय हें पाहत असतात. मग डोकें धुतात, उरलेल्या बोटभर केसांना तेल लावतात, आणि बाई मान एकदां उजवीकडे, एकदां डावीकडे वळवून पाहते.